बेलाच्या पानाची किल्ली

"मिस्त्री, थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की मुनीर मिस्त्रीचा हातोडा वरच्या वर राहिला. पटाशीची धार झाकणाच्या फटीवर टेकलेली होती. एक टोला बसला असता तर शंभर-सव्वाशे वर्षांचं शिसवी लाकूड उभं चिरलं असतं.

"काय गं यमुना, विंचू निघाला का?"

"कुलपाचं भोक बघू द्या."

"भोक काय बघायचंय त्यात? किल्ली नाही, म्हणून तर पटाशी लावलीय."

मी त्याला कोपरानं बाजूला केलं. हातातली चिंधी स्पिरीटमध्ये बुडवली आणि कुलपाभोवतीची काजळी खसाखसा पुसायला लागले. काळ्याखालून पिवळं पितळ वर आलं. आधी एक गोल पाकळी, मग दुसरी, मग वरची तिसरी. खाली छोटा देठ. भोक बरोबर मधोमध.

बेलाचं पान.

मी बोटानं ते पान पुन्हा पुन्हा चाचपलं. कारण असंच्या असं पान, त्याच मापाचं, तसाच देठ वाकलेला, मी जन्मल्यापासून रोज बघत आले होते. आमच्या घरात, देवळीतल्या खिळ्यावर. आमच्या देवाची किल्ली.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या एप्रिलची. देवळाली कॅम्पात होतचंद शेटचा जुन्या फर्निचरचा कारखाना होता. कॅम्पातले बंगले एकेक करून रिकामे होत होते. म्हातारे मरत होते, पोरं अमेरिकेला जात होती, आणि त्यांची कपाटं, पलंग, आरशाची टेबलं हातगाड्यांवर लादून शेटकडे येत होती. आम्ही ती घासायची, पॉलिश करायची, आणि मुंबईचे लोक गाड्या घेऊन येऊन उचलायचे. नऊ वर्षं मी तिथं घासकाम केलं. पॉलिश पेपर घेऊन दिवसभर लाकूड घासायचं. बोटांचे ठसे झिजून गुळगुळीत झाले होते माझे. लाखेचं पॉलिश मला मिस्त्रीपेक्षा बरं जमायचं. शेट दुकानात नसला की मिस्त्री बिडी पीत बसायचा आणि कापसाची पुरचुंडी माझ्या हातात द्यायचा. शेट आला की पुरचुंडी त्याच्या हातात, पॉलिश पेपर माझ्या. चकाकी बघून शेट म्हणायचा, "वा मुनीर, वा!" मुनीर माणूस वाईट नव्हता. पण 'हे यमुनेनं केलंय' हे तीन शब्द त्याच्या तोंडातून नऊ वर्षांत एकदाही निघाले नाहीत. मिस्त्रीपण जातं ना त्यानं.

तर ही वस्तू. शेट तिला टीपॉय म्हणायचा. आपल्याकडे टीपॉय म्हटलं की पेपर टाकायचं ठेंगणं टेबल. हे तसलं नव्हतं. कमरेइतक्या उंचीचा एकच कातीव खांब, खाली वाघाच्या पंजाचे चार पाय, आणि खांबावर पेटी. पेटी कसली, चहाची तिजोरी! चहा सोन्याच्या भावानं मिळायचा तेव्हा गोऱ्या मडमा चहापत्ती असल्या पेटीत कुलपात ठेवायच्या. नोकरांनी चिमूटभर उचलू नये म्हणून. पेटीच्या बुडाला एक पिवळी पडलेली कागदी चिठ्ठी होती, तिच्यावरचं 'डब्लिन' शेटनं भिंग लावून वाचलं होतं. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"आयर्लंड! ओरिजिनल आयर्लंड!" तो येईल त्याला सांगायचा. "चार वाजता मुंबईचा पार्टी येतो. पण त्याला आतून बघायचा आहे. आत दोन चहाचे डबे पाहिजेत, काचेचा वाडगा पाहिजे. बंद पेटी कोण घेणार, साईं?"

आणि गंमत अशी, की विकणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, न उघडता न्या आणि न उघडताच विका. मिस्त्री हातगाडी घेऊन गेला तेव्हा म्हातारीनं तीनदा सांगितलं म्हणे. शेटनं मान डोलावली होती. पैसे देऊन वस्तू दारात आली की शेटची मान त्याची त्याची व्हायची.

ते कुलूप बघितलं आणि मी शेटला म्हणाले, "मला एक तास द्या. किल्ली आणते."

"किल्ली? कुठून आणणार? आसमानातून?"

"तास द्या म्हटलं ना. तेवढ्यात पटाशी लावलीत तर वस्तू फुटेल आणि चार वाजता तुमची पार्टी लाकडाचा ढलपा घेऊन जाईल."

शेटनं घड्याळ बघितलं. सव्वाबारा. "जा. पण किल्ली नाही आणली तर उद्यापासून येऊ नको."

मी पळत सुटले.

लॅम रोडनं भर उन्हात पळताना डोक्यात एकच घणघण चालली होती. ती पेटी आली होती डॉक्टर राजाध्यक्षांच्या बंगल्यावरून. तो बंगला मला माहीत होता. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण साप राहतो ते बीळ जसं पोराला माहीत असतं, तसा माहीत होता. मी तीन महिन्यांची असताना आई तिथं कामाला होती, आणि चांदीचा चमचा चोरला म्हणून तिला तिथून हाकलली होती. त्यानंतर कॅम्पातल्या एकाही बंगल्यानं तिला उभी केली नाही. स्टेशनच्या गोदामात तिनं कांद्याच्या गोण्या वाहिल्या, पाठ मोडेस्तोवर. नळावर भांडण झालं की बाया सगळ्यात शेवटी तो दगड काढायच्या, "चमचाचोर!" शाळेत माझ्या डब्यात पोरी चमचा टाकून हसायच्या. आणि आई दर वेळी एकच सांगायची, "म्या चमचा चोरला न्हाई." मी ते देवाच्या शब्दासारखं धरून होते.

आणि आता त्याच बंगल्यातल्या पेटीची किल्ली आमच्या देवळीत.

घरात शिरले तेव्हा आई उंबऱ्याशी बसून गोधडीला टाके घालत होती. मी थेट देवळीपाशी गेले. किल्ली खिळ्यावर होती. दर सोमवारी आई ती धुवायची, गंध लावायची. आधी ती माझ्या पाळण्याला बांधलेली होती, मग माझ्या पोराच्या. कुणी विचारलं तर आई म्हणायची, "म्हादेवाची हाय." माझी तीस वर्षं ह्यात गेली की महादेवाला किल्ली कशाला लागते हे मी कधी विचारलंच नाही.

"आये, ही किल्ली कुठली?"

"म्हादेवाची."

"राजाध्यक्षांच्या बंगल्यावरची चहाची पेटी आमच्या कारखान्यात आलीय. तिच्या कुलपावर हेच पान आहे."

आईची सुई गोधडीत अर्धी जाऊन थांबली.

"चोरलीस?"

"व्हय," ती म्हणाली. "चोरली."

अगदी सरळ. 'पाणी भरलं' म्हणावं तसं. आणि मग मी ते बोलले. आज इतकी वर्षं झाली, कान धरावेसे वाटतात.

"मग चमचा?"

आई उठली. गोधडी बाजूला सरकवली. कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक ओढून तिचं झाकण उघडलं. मग माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात पाखरासारखे बाजूला धरले.

"घे झडती," ती म्हणाली. "तुझीच ऱ्हायली व्हती."

ती हात खाली घेईना. शेवटी मीच तिचे हात धरून खाली घेतले, तेव्हा ती बसली आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. डोळ्यात पाणी नाही, आवाजात कंप नाही.

"बाई रोज संध्याकाळी चमचे मोजून घ्यायची. सगळे. आन् चहाचा चांदीचा चमचा तर तिच्या हाताबाहेर जायाचाच न्हाई. पेटीची किल्ली तिच्या कमरंला. चहा तीच काढणार, म्या फकस्त पाणी उकळायचं. आमाला तिच्या किटलीतला चोथा परत उकळून मिळायचा. त्या दिवशी कोणी मोठे सायेब आले, लई घाई उडाली. पाव्हणे गेले, चमचे मोजले, तर चांदीचा न्हाई. मागल्या अंगणात मला उभी केली. माळी हाय, धोबी हाय. हात वर करायला लावले. लुगडं झटकून घेतलं. तू झोळीत भुकंनं रडत व्हतीस. माझी चोळी दुधानं वली झालेली, आन् ही बया माझ्या चोळीत चमचा हुडकतीया."

"मग?"

"मग काय. जा म्हणाली. पोलिसात देत न्हाई, उपकार समज, म्हणाली. म्या तुला घेतलं आन् घरातनं निघाले, तर दिवाणखान्यात ती पेटी, आन् किल्ली भोकातच! घाईत ऱ्हायलेली. म्या इकडंतिकडं बघितलं न्हाई. फिरवली किल्ली, काढली, तुझ्या दुपट्यात घातली. म्हटलं, चोर म्हणता ना? मग पी आता चहा!"

मला हसू फुटलं. आईलाही. पण लगेच तिनं गोधडी पुन्हा मांडीवर ओढून घेतली.

"म्हयनाभर मला झोप न्हाई. पोलिस येतील, किल्ली मागतील. कुनीच आलं न्हाई. आजपातूर मला ह्ये उमगलं न्हाई यमे. चमच्यासाठी लुगडं झटकणारी बाई, तिची किल्ली गेली आन् ती गप्प कशी बसली?"

मला तरी कुठं माहीत होतं. मी म्हणाले, "किल्ली दे. शेटला देऊन टाकते. सापडली म्हणून सांगते."

"न्हाई." आईनं किल्ली खिळ्यावरनं काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. "म्या येते. म्या उघडीन. पण बाईला बोलवा. तिच्या तोंडावर सांगायचंय, किल्ली म्या नेली, चमचा न्हाई."

"आये, गावापुढं कबूल करशील? आत्तापर्यंत एकच चोरी नावावर होती, ती पण खोटी. ही तर खरी!"

"खरी हाय म्हनूनच सांगायची."

शेटला आईची अट सांगितली तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "म्हातारीला बोलवू? तिने सांगितला होता उघडू नको!"

"मग नका उघडू," मी म्हणाले.

"अरे पण..." त्यानं घड्याळ बघितलं, पेटीकडे बघितलं, आईच्या पदराच्या गाठीकडे बघितलं. "मुनीर! टांगा घे. बाईंना सांग, उघडणारी आली आहे. नाव काय तुझं, माई?"

"हौसा. हौसाबाई घुगे. नाव सांगा तिला."

मिस्त्री गेला. कारखान्यात काम कुणाचं होणार? रंधे पडले, करवती पडल्या. सगळे पेटीभोवती. कुणी म्हणे आत सोनं आहे, कुणी म्हणे बंगल्याचे कागद. मी कोंबडीचं पीस तेलात बुडवून कुलपाच्या भोकात फिरवलं. तीस वर्षांचा गंज काळा होऊन बाहेर आला. आई एका उलट्या खोक्यावर ताठ बसली होती. पदराची गाठ मुठीत.

मला वाटत होतं, बाई यायची नाही. कशाला येईल?

पण टांगा आला. पंचाहत्तरीची बाई, पांढरंशुभ्र पातळ, जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी. मिस्त्रीनं हात दिला तो तिनं घेतला नाही. दारात थांबून तिनं डोळे बारीक केले.

"हौसा?"

"व्हय बाई. चोरटी हौसा."

कुणीतरी खिदळलं. आईनं पदराची गाठ सोडली. किल्ली तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"ही म्या नेली व्हती. चमचा न्हाई. चमच्याचं तेव्हाबी सांगितलं, आत्ताबी सांगते. किल्लीचं तेव्हा सांगितलं न्हाई, म्हनून आले."

बाई किल्लीकडे बघत राहिल्या. हात पुढे केला नाही त्यांनी. म्हणाल्या, "शेट, आपलं ठरलं होतं. पेटी उघडायची नाही."

"बाईसाहेब, फक्त दोन मिनट—"

"मी पैसे परत देते. पेटी घरी पोचवा."

मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तिथं राग असेल, तोरा असेल. तिथं भीती होती.

"घाल तेल," आई मला म्हणाली.

"घातलंय."

"मग सरक."

बेलाच्या पानातून बेलाच्या पानाची किल्ली आत गेली. आईनं फिरवली. नाही फिरली. मिस्त्री म्हणाला, "जोर नको मावशी, मोडेल. जरा मागं घ्या, मग फिरवा." आईनं श्वास धरला, किल्ली केसभर मागं घेतली आणि फिरवली.

टक्!

कारखान्यात अशी आरोळी उठली की बाहेरचा टांग्याचा घोडा बिचकला. शेटनं दोन्ही हातांनी झाकण उचललं. आतलं मखमल पार किड्यांनी खाल्लेलं. मधे काचेचा वाडगा, साबूत! शेट "साईं, साईं!" करत नाचायलाच लागला. वाडग्याच्या दोन बाजूंना दोन लाकडी डबे, आतून पत्रा मारलेले. त्यानं डाव्याचं झाकण काढलं. काळी चहापत्ती, अर्ध्यापर्यंत. उजव्याचं काढलं.

चहापत्तीत एक दांडा उभा रुतलेला होता. काळा पडलेला.

शेटनं चिमटीत धरून तो ओढला. शिंपल्याच्या आकाराचा छोटा चमचा. त्यानं अंगठ्यानं घासला, खालून पांढरी रेघ चमकली.

"चांदी! पूरी चांदी! साथ में चमचा पण आहे रे!"

आणि मग त्यालाच कळलं की आपल्याशिवाय कुणी ओरडत नाहीये.

आई चमच्याकडे बघत होती. बघता बघता तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं हुंदका. ते हसू होतं. ती हसायला लागली ती थांबेचना. खोक्यावर बसली, मांडीवर हात मारत हसत सुटली.

"यमे! अगं यमे! आतच व्हता गं! माझी अब्रू आत, आन् म्याच बाहेरनं कुलूप घातलं! तीस वर्सं त्या किल्लीला गंध लावलं म्या. म्हादेवा म्हटलं, खरंखोटं कर. आन् किल्ली त्याच्याच देवळीत! त्यो तरी काय करंल?"

कुणाला हसावं की रडावं कळेना. मला मात्र हसू आलं नाही. मी वळून बाईंसमोर उभी राहिले. पॉलिशनं काळे झालेले हात तसेच.

"बाई, तीस वर्षं पेटी तुमच्या दिवाणखान्यात बंद होती. एक सुतार बोलावला असता तर दहा मिनिटांत कुलूप निघालं असतं. का नाही काढलंत?"

"यमुना," शेट दबक्या आवाजात म्हणाला, "गिऱ्हाईकाशी असा—"

"तुम्ही गप्प बसा. का नाही काढलंत, बाई?"

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"डॉक्टरांनी दोनदा सुतार बोलावला होता. मी दोन्ही वेळा परत पाठवला. लाकूड फुटेल, असं कारण मीच दिलं." त्या थांबल्या. "चमचा मी कधी डब्यात ठेवत नसे. चांदी काळी पडते. पण त्या संध्याकाळी पेटीला कुलूप दिसलं, किल्ली नाही, तेव्हा उभ्या उभ्या आठवलं. ब्रिगेडियर आले होते, मी दोन चमचे चहा काढला, कुणीतरी हाक मारली... हातात काय होतं ते आठवेना. रोज आठवायचा प्रयत्न केला. उघडलं असतं तर कळलं असतं."

"मग?"

"म्हणूनच नाही उघडलं."

एवढंच बोलल्या. मला वाटतं कारखान्यातल्या निम्म्या लोकांना ते कळलंच नाही. मला कळलं. पोलिस का आले नाहीत, ते पण कळलं. पोलिस आले असते तर किल्ली सापडली असती, आणि किल्ली सापडली असती तर पेटी उघडली असती. त्यापेक्षा हौसा चोरटी राहिलेली बरी. रोज सकाळी त्या पेटीवरची धूळ पुसायची आणि कॅम्पाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई गोण्या वाहतेय हे विसरायचं. काय जीव असतो माणसाचा! माझ्या तोंडात शिवी आली होती, दातांपर्यंत. आईनं माझा दंड धरला.

बाई शेटला म्हणाल्या, "तो चमचा इकडे द्या." घेतला आणि आईपुढे धरला. "हौसा, हा तू ठेव. तुझा आहे."

आई एक पाऊल मागं सरली.

"हां! म्हंजी आता मला खरीच चोर करता का? उद्या माझ्या घरात चांदीचा चमचा दिसला की लोक म्हनतील, बघा, व्हताच की!"

मिस्त्री फसकन हसला. बाईंचा हात तसाच पुढे.

"मग काय करू मी? सांग तू."

"माझ्या घरापातूर चालत चला," आई म्हणाली. "माझ्यासंगं. चमचा हातात दिसंल असा धरायचा. बाजारातनं, नळावरनं. कुनी इचारलं की सांगायचं, कुठं सापडला ते."

"माई, माझा पार्टी येतो चार वाजता!" शेट कळवळला. "चमचा सेटमध्ये पाहिजे!"

"मिळंल तुमाला परत. मोजून."

बाईंनी टांग्याकडे बघितलं. आई म्हणाली, "टांगा न्हाई. म्या तुला काखेत घेऊन चालतच गेले व्हते, व्हय ना यमे?" मला काय आठवणार! पण मी म्हणाले, "हो."

आणि ती बाई निघाली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं दहा पावलांवर चक्कर येण्याचं नाटक करील. नाही केलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तो काळा चमचा उदबत्तीसारखा उभा धरलेला. शेजारी माझी आई, पाठीत वाकलेली, पण मान ताठ. मागं मी, माझ्यामागं सगळा कारखाना, आणि सगळ्यात मागं शेट घड्याळ बघत. लोक दुकानांतून बाहेर यायला लागले. आधी किराणावाला.

"काय बाईसाहेब, चालत कुठं?"

बाईंचा आवाज फुटेना. आई थांबली. वाट बघत उभी राहिली. सगळी मिरवणूक थांबली.

"हा चमचा," बाई म्हणाल्या, "माझ्याच पेटीत होता. हौसानं चोरला नव्हता."

"ऐकू न्हाई आलं त्याला," आई म्हणाली. "त्यो बहिरा हाय जरा."

"हौसानं चोरला नव्हता!" बाई ओरडल्या.

मग शिंप्याला. मग पिठाच्या गिरणीवाल्याला, गिरणीच्या आवाजात दोनदा. प्रत्येक वेळी आवाज जरा सुटत गेला. नळावर बाया होत्या. त्यात सोजर होती, जिनं आईच्या तोंडावर सगळ्यात जास्त वेळा तो दगड मारला होता. बाईंनी तिला न विचारताच सांगितलं. सोजरची घागर भरून वाहायला लागली तरी तिनं ती उचलली नाही. मी तिच्याकडे बघून खदाखदा हसले. हो, हसले. मोठेपणा दाखवायचा मक्ता मी घेतलेला नाही.

आमच्या दारात पोचलो तेव्हा बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, पातळ पाठीला चिकटलेलं. आईनं गोधडी झटकून अंथरली.

"बसा."

बाई बसल्या. भिंतीला टेकल्या. आईनं स्टोव्ह पेटवला. ताजी पत्ती, आलं, दूध. कप आमच्याकडे दोनच होते, कान तुटलेले. त्यातला बरा तिनं बाईंपुढे ठेवला, साखर घातली. मग हात पुढे केला.

"द्या."

बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी चमचा दिला. आईनं तो राखेनं घासला, दोनदा, तीनदा. चांदी उजळली. त्या चमच्यानं तिनं बाईंचा चहा ढवळला. संथ, कपाला न लागू देता. दारात अर्धा कारखाना उभा होता, शेटसुद्धा.

बाईंनी चहा संपवला. तळाचा घोटसुद्धा ठेवला नाही.

आईनं चमचा घंगाळात धुतला, पदराला कोरडा पुसला, आणि बाईंच्या तळहातावर ठेवला.

"एकच हाय," ती म्हणाली. "मोजून घ्या."